दोन लिटरवाले काकाजी

पांढुर्ण्याच्या बायपासवरच्या पेट्रोल पंपावर काकाजींची गाडी वळली की नळी धरलेला माणूस काही विचारत नसे. मीटर शून्यावर आणायचा, दोन लिटर सोडायचा, झाकण लावायचा. मागे रांगेत उभा असलेला एखादा मोठ्या गाडीवाला खिडकीतून मान काढून "टाकी फुल" म्हणाला की काकाजी त्याच्याकडे दयेने बघायचे. पंपावरच्या माणसांनी त्यांचं नाव दोन लिटरवाले काकाजी ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

कारण विचारणाऱ्याला ते एकच सांगायचे, "टाकी भरली का सोयऱ्यायले गाडी आठवते." तरुणपणी त्यांच्याकडे जीप होती. लग्नसराईत त्यांचा साळा ती वरूडला घेऊन गेला आणि आठवड्याने परत आणून लावली, तेव्हा टाकीत पेट्रोलचा वाससुद्धा उरला नव्हता. वर मागच्या सीटवर जिलेबीचा पाक सांडलेला. तेव्हापासून त्यांच्या कुठल्याच गाडीत दोन लिटरच्या वर पेट्रोल गेलं नाही. संध्याकाळी आपलं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज बंद करताना उरलंसुरलं पेट्रोल नळीने काढून ते डब्यात भरायचे आणि तो डबा घरातल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद करायचे. खालच्या खणात डबा, वरच्या खणात काकूजींच्या साड्या. काकूजी कुणाच्याही लग्नाला गेल्या तरी शेजारी बसलेली बाई थोड्या वेळाने उठून दुसरीकडे जायची. काकूजी हे हसत सांगायच्या. हसत सांगाव्या लागणाऱ्या गोष्टी त्यांच्याकडे पुष्कळ होत्या.

काकाजी आता नाहीत. ते गेले तेव्हा मी तिथं नव्हते, पण कोण काय बोललं ते माझ्या कानापर्यंत आलं. दिलदार माणूस, कलाकार माणूस, असा मिस्त्री पुन्हा होणे नाही. मीही त्यांच्याबद्दल चांगलं सांगणार आहे, पण वाईट जास्त आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको.

मी सौसरची. बाबा नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होते. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेऊन मी सौसर, लोधीखेडा, बोरगाव सगळीकडची गॅरेजं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी मालक आधी आडनाव विचारायचा, मग माझ्याकडे नखशिखांत बघायचा आणि म्हणायचा, "इथं लेडीज बाथरूम नाही ना ताई." दोनपैकी नक्की कशासाठी मला नको म्हणताहेत ते कधी कळायचं नाही. शेवटी पांढुर्ण्याला काकाजींकडे गेले. त्यांनी आडनाव विचारलं नाही. म्हणाले, "हात दाखव." मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी नखं पाहिली.

"कापलेली आहेत. उद्यापासून ये."

पहिल्याच दुपारी त्यांनी त्यांच्या माठातलं पाणी त्यांच्याच पेल्यातून मला दिलं, आणि आपण काही विशेष केलं असं तोंडावर दिसूही दिलं नाही. ज्यांना असं पाणी जन्मभर फुकट मिळालं त्यांना यात काय मोठं ते कळायचं नाही. मला कळलं, घरी बाबांनाही कळलं. पुढे जे झालं ते एवढं लागलं, त्याचं कारण हा पेला.

ते गॅरेजमध्ये पांढरा शर्ट घालून काम करायचे. इस्त्रीचा, कॉलरचं बटण लावलेला. मेच्या उन्हात पांढुर्ण्यात डांबर पातळ होतं तेव्हासुद्धा तेच. दिवसभर इंजिनात हात घालून संध्याकाळी शर्ट जसाच्या तसा. माझ्या कपड्यांवर ऑइलचा डाग दिसला की म्हणायचे, "घाई करून राहिली तू." त्यांच्या मते डाग हा घाईचा असतो आणि घाई ही चुकीची थोरली बहीण. त्यांना चुकीची फार भीती होती. चूक होण्याची नव्हे, ती आपल्या अंगावर दिसण्याची. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी शर्टाचं कौतुक करत बसले.

शिकवायचेही दोन दोन लिटरनेच. आजच्या कामाला लागेल तेवढं सांगायचे, उद्याचं उद्या. व्हॉल्व्हची फट कशी मोजायची ते सांगतील, पण ती तेवढीच का ठेवायची हे विचारलं तर, "आज तुले त्याचं काम नाही." शाबासकी तर त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. फार खूश असले तर काम झाल्यावर बॉनेट लावताना म्हणायचे, "बिघडलं नाही." मी त्या दोन शब्दांवर आठ आठ दिवस काढले आहेत. हॉर्न मात्र त्यांनी आयुष्यात वाजवला नसावा. हॉर्न वाजवणाऱ्याला स्वतःच्या ब्रेकचा भरोसा नसतो असं त्यांचं म्हणणं. समोर म्हशी आल्या तर म्हशी जाईपर्यंत गाडी उभी.

गॅरेजच्या भिंतीवर पाना-पकडींच्या मधोमध एक फुंकणी टांगलेली होती, चुलीवरची, लोखंडी. त्यांच्या आईची. टर्बो म्हणजे काय असं कुणी विचारलं की ती काढायचे. टर्बो हा इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि छोटं इंजिन मोठ्या इंजिनाची ताकद देतं. पण काकाजी असं सांगत नसत. ते फुंकणी तोंडाला लावून फूं करायचे.

"चूल फुंकली का जाळ वाढते. वाढते ना? पण लाकूड नाही टाकलं अन् नुसतंच फुंकत बसलं, तर निखारा पांढरा होते. मग पहिले फुंकणीचं तोंड जळते, अन् मग तुमचं. हवा तर फुकटची आहे बाप्पा. खरं काम लाकडाचं आहे. लाकूड बरोबर जायले पाहिजे, फुंक तितकं लाकूड."

लाकूड म्हणजे पेट्रोल. एवढी साधी, एवढी नेमकी गोष्ट मी कॉलेजात तीन वर्षांत ऐकली नव्हती. फुंकणीचं जळलेलं तोंड ते बोटाने दाखवायचे. समोरच्या टायर-पंक्चरच्या दुकानातला भाऊ दर वेळी आपलं काम टाकून ते ऐकायला यायचा आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा मान डोलवायचा.

माझं शिकणं चालू असतानाच काकाजींनी टर्बोचं मनावर घेतलं. नागपूरचे एक साहेब शर्यतीच्या गाड्या तयार करायचे. त्यांच्याकडे शौकीन पोरांची रांग, पण पोरांचे खिसे हलके. स्वस्तात टर्बो बसवून देणारा कुणी तरी त्यांना हवा होता. काकाजी म्हणाले, आधी माझी गाडी पाहा, मग बोला. आणि मला म्हणाले, "हे काम जमलं तर टर्बोचं टेबल तुझं. मी पाहणार पण नाही तिकडं. गाडीवर नाव तुझं."

घरी त्याच वेळी पिथमपूरचं चाललं होतं. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यातून नोकरीचा फोन आला होता. काम लाइनवरचं, दिवसभर एकच नट. बाबांना ते पक्कं वाटत होतं. मी म्हटलं, बाबा, ती गाडी दाखवून होईपर्यंत थांबा. इथं माझं स्वतःचं टेबल होणार आहे. बाबा म्हणाले, "थांब. पण पाहून कर बाई. आपल्या पोरीची गलती लोक विसरत नाही."

गाडी म्हणजे काकाजींची जुनी चार सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी, लाल रंगाची, उन्हाने गुलाबी झालेली. टर्बो नागपूरच्या भंगारातून, एका मोडलेल्या डिझेल गाडीचा. पाइप पांढुर्ण्याच्याच वेल्डरने जोडले. हवेचं काम पटकन झालं. अडलं ते लाकडाचं, म्हणजे पेट्रोलचं. इंजिनात हवा जास्त गेली की पेट्रोलही त्याच मापाने जास्त जायला हवं. ते कमी पडलं तर आतला जाळ इतका तापतो की पिस्टन वितळतो. मोठ्या शहरात यासाठी कॉम्प्युटर बसवतात. आमच्याकडे त्याचे पैसे नव्हते, म्हणून आम्ही जुनी तऱ्हा धरली. पेट्रोल फवारणारे मोठ्या गाडीचे इंजेक्टर, मोठ्या गाडीचा पेट्रोल पंप, आणि हवेचा दाब वाढला की पेट्रोलचा दाब आपोआप वाढवणारा एक रेग्युलेटर. तो रेग्युलेटर काकाजींनी कुठल्याशा जुन्या गाडीचा काढून, स्प्रिंग बदलून, स्वतः जमवला होता. त्यांच्या हातात खरोखर कला होती. हे मी नाकारणार नाही, नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं.

वायरिंग माझं. मोठा पंप जास्त करंट ओढतो, जुन्या बारीक वायरीतून त्याला पुरेसा मिळत नाही आणि पंप मंदावतो. म्हणून मी बॅटरीपासून जाड वायर टाकली, पंपाला थेट करंट सोडणारा रिले लावला, प्रत्येक जोड सोल्डरने पक्का केला. एकेक जोड ओढून पाहिला. काकाजींनी पंप चालू करून बॅटरीवरचे व्होल्ट मोजले, पंपावरचे मोजले, आणि म्हणाले, "बिघडलं नाही."

एकच गोष्ट राहिली. टाकीत मूळ पंपाभोवती प्लास्टिकचा एक डबा असतो. गाडी वळणावर झुकली की टाकीतलं पेट्रोल एका बाजूला धावतं, तेव्हा या डब्यात थोडं अडकून राहतं आणि पंप कोरडा पडत नाही. नवा पंप त्या डब्यात मावत नव्हता, म्हणून डबा काढावा लागला. त्याच्याबरोबर पेट्रोल दाखवणारा तरंगता गोळाही गेला. समोरचा काटा मेला आणि लाल दिवा पेटून राहिला. काकाजींना तो दिवा खुपला. त्यांनी मागे छोटासा रेझिस्टर लावून काटा कायमचा अर्ध्यावर आणून ठेवला. टाकीत काही असो नसो, गाडी सदैव अर्धी भरलेली.

मी म्हटलं, "काकाजी, पंपाभोवती पत्र्याचा डबा करून घेऊ. नाही तर वळणावर पंप हवा ओढेल."

"आता वेळ नाही त्याले."

"मग टाकी अर्धीच्या खाली जाऊ द्यायची नाही. काट्यावर नाही, खरोखरची अर्धी."

"हाव."

"दोन लिटरवर ही गाडी चालवायची नाही काकाजी."

"हाव म्हटलं ना. किती शिकवशील."

साहेब आले त्या दिवशी आमचं सौसरला भेटायचं ठरलं. काकाजी पांढुर्ण्याहून गाडी घेऊन आले, मी घरून निघून नाक्यावर उभी राहिले. तिथून छिंदवाड्याच्या रस्त्याने रामाकोना आणि पुढे सिलेवानीचा घाट. सपाटीवर गाडी पाहून साहेबांचे डोळे मोठे झाले. ते स्वतः चालवत होते, शेजारी काकाजी, मागे मी. पेट्रोलच्या दाबाचं मीटर समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवलं होतं, ते मी मान वर करून वाचत होते. दाब जसा हवा तसा चढत होता, पाय काढला की उतरत होता. रामाकोन्याला चहाला थांबलो तेव्हा काकाजींनी एक प्लग काढून दाखवला. टोक चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं. म्हणजे लाकूड बरोबर जातंय. साहेब बॉनेटमध्ये वाकून म्हणाले, "ही वायरिंग कुणी केली? हात साफ आहे." काकाजींनी माझ्याकडे हनुवटी उडवली. साहेब मला म्हणाले, "घाट चढून येऊ, मग तुमच्याशी बोलतो." मला, तुमच्याशी.

मी काकाजींना बाजूला घेतलं. "टाकीत किती आहे?"

"आहे."

"किती?"

"पुरते."

"काकाजी, घाटात जाऊन राहिलो आपण. टाकलं किती?"

"साहेब पाहून राहिला. तोंड नीट कर," ते म्हणाले आणि कॉलर चाचपत साहेबांकडे गेले.

घाटात पहिली दोन वळणं गाडी अशी चढली की मालट्रकवाले बघत राहिले. मग उजवीकडचं लांब वळण आलं. साहेबांनी पाय दाबला, गाडी झुकली, आणि माझ्या डोळ्यांदेखत मीटरचा काटा खाली पडला. वळण सुटलं तसा परत वर आला. मी ओरडले, "पाय काढा! दाब गेला!" साहेबांनी आरशात पाहिलं. काकाजी म्हणाले, "चालू द्या, चालू द्या, ते मीटर हलते." पुढचं वळणही उजवंच होतं. काटा पुन्हा पडला. टर्बो हवा कोंबतच होता आणि लाकूड संपलं होतं. आतून खडखड झाली, मग एक थड आवाज, आणि मागे निळ्या धुराचा पडदा. गाडी घाटाच्या मध्यावर उभी राहिली. माकडं कठड्यावरून उतरून बघायला आली.

वायर सैल असती तर काटा कुठंही पडला असता, खड्ड्यात, सपाटीवर, सरळ चढावर. हा फक्त उजव्या वळणावर पडला आणि गाडी सरळ झाली की उठला. ही टाकी रिकामी असल्याची खूण आहे. हे मला कळलं होतं आणि काकाजींना माझ्या आधी कळलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं. खिशातून रुमाल काढून बोटं पुसली. शर्टावर डाग नव्हता.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

काकाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंपाची वायरिंग पोरीनं केली होती."

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी तिथंच म्हणाले, "टाकी पाहा. पेट्रोल नाही टाकीत." साहेब गाडीत डोकावले. काटा अर्ध्यावर होता. मी म्हटलं, तो काटा खोटा आहे, यांनीच अडकवलाय. साहेबांनी काकाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या तोंडावर मला ते दिसलं जे मी सगळ्या गॅरेजांच्या दारात पाहिलं होतं. पांढऱ्या शर्टातला म्हातारा मिस्त्री आणि ओरडणारी मुलगी. त्यांना फार विचार करावा लागला नाही. ते म्हणाले, "जाऊ द्या, शिकेल." तुमच्याशी बोलतो म्हणालेले तेच साहेब.

छिंदवाड्याहून रिकाम्या येणाऱ्या टेम्पोने गाडी ओढत पांढुर्ण्याला नेली. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा टाकी कोरडी होती. रोजच्यासारखं उरलेलं पेट्रोल काढून डबा कपाटात गेला होता.

"डबा दाखवा," मी म्हटलं. "किती निघालं ते पाहू द्या."

"डब्यात काय पाहते? झालं ते झालं. इंजिनचं हेड खोल, मी पिस्टन आणतो."

"आधी लोकांसमोर सांगा काकाजी, टाकी रिकामी होती म्हणून. साहेबांना फोन करा. मग मी हेड खोलते, सगळं खोलते."

तेव्हा ते जे बोलले ते त्यांनी समजावणीच्या सुरात, जवळजवळ मायेने सांगितलं. "पाह्य बाई. मी मालक आहे. मालकानंच गलती केली म्हटलं तर या गॅरेजवर गाडी येईल का कोणाची? तू तर शिकून राहिली अजून. शिकणाऱ्याची गलती कोण धरते? तुले काय फरक पडते?"

त्यांना खरोखर वाटत होतं की मला काही फरक पडत नाही. मी पाना टेबलावर ठेवला आणि हात धुऊन निघाले. मागून त्यांचा आवाज आला, "उद्या ये." त्यांनी मला जन्मभर काम दिलं असतं. माठातलं पाणी दिलं असतं. फक्त ते एक वाक्य दिलं नसतं.

सौसरच्या पंपावर मी स्वतः गेले. तिथला माणूस म्हणाला, "हाव ताई, त्या दिवशी सकाळी आले होते काकाजी. दोनच टाकलं, नेहमीसारखं." मी म्हटलं, हे साहेबांना फोनवर सांगाल? त्याने नळी जागेवर अडकवली. "मले कायले मधात ओढता ताई. सौसरले आले का इथंच टाकते ते, गिऱ्हाईक आहे." साहेबांनी माझा फोन एकदा उचलला, बघू म्हणाले, मग उचलला नाही.

नाव ठेवायचं काम टायरवाल्या भाऊनं केलं. वायरिंगवाली. त्याला काकाजींनी सांगितलं, त्याने चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि टपरीवरून ते मोहगाव, लोधीखेड्यापर्यंत गेलं. एका गॅरेजात मी काम मागायला गेले तर मालक हसून म्हणाला, "तूच का ती वायरिंगवाली? आमच्या गाड्या चांगल्या आहेत बाई, राहू दे." बाथरूमचं कारण तरी बरं होतं. एका सकाळी बाबांनी माळ्यावरून ट्रंक काढली आणि पुसायला घेतली. मी पिथमपूरला गेले.

तिथं मी अजून आहे. लाइनवरून तपासणीत आले आहे. पगार वेळेवर होतो. माझ्या समोरून रोज इंजिनं जातात, आणि एकाही इंजिनावर माझं नाव नसतं. कुणी म्हणेल, गावातल्या गॅरेजात राहून काय झालं असतं? माहीत नाही. ते माहीत करून घ्यायची माझी इच्छा होती, एवढंच.

काकाजी वारल्यावर पुढच्या सुटीत घरी आले तर काकूजींचा फोन. "त्यायनं दोनदा सांगतलं होतं बाई, लाल गाडी तिलेच द्यायची. मले जागा पाहिजे, तू घेऊन जाय." नको म्हणणार होते. पण गाडीवर मी हात झिजवले होते, आणि भंगारात दुसऱ्या कुणी विकण्यापेक्षा मी विकलेली बरी. सौसरहून एक छोटा ट्रक ठरवला आणि गेले.

गाडी गॅरेजच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, चार टायर बसलेले. हेड मी सोडलं होतं तसंच, न उघडलेलं. पिस्टन आणतो म्हणाले होते, तो कधी आणलाच नव्हता. ट्रकवाला म्हणाला, चढवायच्या आधी टाकीत काही असेल तर काढून घ्या. मी म्हटलं, या गाडीच्या टाकीत काही नसतं. सवयीने झाकण फिरवलं.

पेट्रोल तोंडापर्यंत होतं. जुनं, पिवळं पडलेलं, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास. एक बोट बुडवलं तर लगेच ओलं झालं.

"भरूनच ठेवत होते," काकूजी पदराने तोंड झाकत म्हणाल्या. "तू गेली तेव्हापासून. उडून जाते म्हणे, म्हणून दर पोळ्याले पुन्हा वरपर्यंत भरत. मी भांडली, म्हटलं, चालत नाही त्या गाडीत कायले ओतता? तरी ओततच राहिले. जन्मभर माह्या साड्या नासवल्या पेट्रोलनं, अन् म्हातारपणी हे."

म्हणजे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि दरवर्षी त्यांनी ते पुन्हा पुन्हा त्या टाकीत ओतलं, जिथं कुणी बघणार नाही तिथं. पंपावर जाऊन, डबा भरून, उचलून आणून. एवढे कष्ट केले. समोर पंचवीस पावलांवर टायरवाला बसायचा, त्याला हाक मारून एक वाक्य सांगायचं होतं फक्त. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो राग त्या दिवशीच्या घाटातल्यापेक्षा मोठा होता, कारण घाटात मला वाटलं होतं की माणूस घाबरला.

गाडी ट्रकवर चढवताना आवाज झाला तसा टायरवाला भाऊ हात पुसत आलाच. केस पांढरे झालेत, बाकी तसाच. "अरे, वायरिंगवाली! कवा आली? आता तरी वायर नीट जोडजो बरं का."

"इकडं या भाऊ," मी म्हटलं. "या टाकीत पाहा."

तो वाकला, वास घेतला, बोट घालून पाहिलं. मग सरळ होऊन माझ्याकडे पाहू लागला. त्याचे डोळे भरून आले होते.

"पाह्य म्हणजे," तो म्हणाला. "दोन लिटरच्या वर कधी टाकलं नाही त्या माणसानं जिंदगीत. अन् तुझ्यासाठी टाकी फुल करून ठेवली. एवढं नुकसान करून गेली तू, तरी. याले म्हणतात दिल."

त्याने टपरीवरच्या लोकांना हाका मारल्या. एकेक जण आला, टाकीत डोकावला, आणि काकाजींचं नाव काढून हळहळला. मी त्यांना सगळं सांगितलं, डबा, वळण, अडकवलेला काटा, सगळं. ते माना हलवत ऐकत राहिले. एकाने मला पाणी आणून दिलं. मी झाकण घट्ट लावलं आणि ट्रकवाल्याला म्हटलं, चाल.